भुतांच्या गावातला नाताळ

भोपाळच्या न्यू मार्केटात दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जावं. परवापर्यंत जिथे दांडियाच्या टिपऱ्या आणि माताजीच्या चुनऱ्या लटकत होत्या, तिथे दुकानातला पोऱ्या शिडीवर चढून आकाशकंदील बांधत असतो. खाली टोपलीत अर्ध्या चुनऱ्या आणि अर्ध्या दिव्यांच्या माळा असा काला झालेला असतो. तासाभरात सगळं जागच्या जागी लागतं. पण तेवढा वेळ त्या दुकानाला धड कुठलाच सण नसतो, किंवा मग दोन्ही असतात.

टिम बर्टन या अमेरिकन दिग्दर्शकाला असंच एक दुकान दिसलं होतं. हॅलोवीन म्हणजे ३१ ऑक्टोबरचा भुताखेतांचा सण. तो संपला म्हणून सांगाडे आणि वटवाघळं उतरवायची आणि त्याच फळ्यांवर नाताळचा माल चढवायचा, असं काम तिथे चाललं होतं. डिस्नेत नोकरीला असताना, १९८२ साली, बर्टनने त्या कल्पनेवर एक कविता लिहिली. अकरा वर्षांनी, ऑक्टोबर १९९३ मध्ये, तिचा ७६ मिनिटांचा चित्रपट होऊन आला: 'द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस'.

गोष्ट एका दमात सांगता येते. हॅलोवीन नावाचं एक गाव आहे. तिथे राहतात भुतं, चेटकिणी, पिशाच्चं, आणि त्यांचा एकच धंदा, वर्षातून एकदा लोकांना घाबरवणं. गावाचा राजा जॅक स्केलिंग्टन हा काडीसारखा उंच सांगाडा. त्याला तोच तो सण करून कंटाळा येतो. भटकत भटकत तो रानात पोचतो. तिथल्या झाडांच्या बुंध्यांना दारं आहेत आणि प्रत्येक दारावर एकेका सणाचं चित्र. नाताळचं दार उघडून तो आत पडतो, बर्फ आणि दिवे बघून वेडा होतो आणि ठरवतो की यंदाचा नाताळ आपणच करायचा. सँटा क्लॉजला पळवून आणलं जातं. भुतं खेळणी बनवतात, ती खेळणी मुलांवर धावून जातात, शेवटी लष्कर तोफा डागून जॅकला आकाशातून खाली पाडतं. सँटा सुटतो, नाताळ वाचतो.

मी हा चित्रपट नीट पाहिला तो ३ डिसेंबरला, नऊ वर्षांच्या भाच्याबरोबर. भोपाळमध्ये त्या दिवशी शहरापुरती सुट्टी असते. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरमधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला, त्याची ही सुट्टी. भाच्याला कारण ठाऊक आहे. आमच्या शहरातल्या मुलांना ते सांगावंच लागतं. पण नऊ वर्षांच्या मुलाला सुट्टी ती सुट्टी, आणि सुट्टीला सिनेमा हवा. ही तारीख मी मुद्दाम सांगते आहे. डिसेंबर आणि भीती हे दोन शब्द या गावात शेजारी आले की त्यांचा अर्थ अमेरिकेतल्यासारखा राहत नाही.

चित्रपट सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटं झाली असतील, तेव्हा भाचा म्हणाला, "आत्या, याला ख्रिसमस म्हणजे काय ते समजतच नाहीये." बरोबर होतं त्याचं. घरी आल्यावर जॅक नाताळचा अभ्यास करायला बसतो. लाल फळं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो, झाडाला टांगायचा चमकता गोळा चंचुपात्रात विरघळवून बघतो, फळ्यावर समीकरणं मांडतो. सँटा क्लॉज हे नावही त्याने 'सँडी क्लॉज' असं ऐकलेलं असतं. इंग्रजीत 'क्लॉज' म्हणजे नख्या, म्हणून त्याच्या कल्पनेतला सँटा हा पंजे असलेला कोणी अक्राळविक्राळ प्राणी.

अमेरिकन प्रेक्षक इथे जॅकला हसतो, कारण नाताळ त्याचा स्वतःचा असतो. आम्ही कुणाला हसायचं? आमच्या आजोबांची पिढी १९५६ साली नागपूरच्या सचिवालयातून फायलींच्या पेट्यांबरोबर भोपाळला आली. नवं मध्य प्रदेश राज्य झालं होतं आणि राजधानी इकडे आली होती. त्या घरात नाताळ म्हणजे कॉन्व्हेंटमधून घरी आलेला कापसाचा बर्फ आणि केकला 'अंडं घातलंय का हो?' असं विचारणारी आजी. सण बाहेरून बघायचा, त्याचे तुकडे घरी आणायचे आणि ते कसे जुळतात हे चाचपडत राहायचं. आम्ही सगळे जॅकच होतो. हा चित्रपट परका असूनही आपल्याकडे लागू पडतो, त्याचं पहिलं कारण मला हे वाटतं.

दुसरं कारण हाताला लागणारं आहे. हा चित्रपट स्टॉप मोशन पद्धतीने केलेला आहे. बाहुली ठेवायची, फोटो काढायचा. हात केसभर हलवायचा, पुन्हा फोटो. असे २४ फोटो झाले की पडद्यावर एक सेकंद जातो. ७६ मिनिटांचे सेकंद ४,५६०; त्याला २४ ने गुणलं की १,०९,४४० फोटो. सॅन फ्रान्सिस्कोतल्या स्टुडिओत शंभरावर माणसं जवळजवळ तीन वर्षं हे करत होती. आठवडाभर सगळ्यांनी मान मोडून काम केलं की हातात साधारण एका मिनिटाचा चित्रपट पडे. बाहुल्या होत्या २२७. आत सांधे असलेला धातूचा सांगाडा आणि वरून रबरासारखं फोम लॅटेक्स, अशी त्यांची घडण. जॅकची तर सुमारे ४०० डोकी होती, कारण त्याचा चेहरा हलवला जात नसे, बदलला जाई. 'आ' म्हणायचं तर 'आ'चं डोकं काढून बसवायचं, भुवई चढवायची तर चढलेल्या भुवईचं. चिंध्यांची बाहुली सॅली हिचे लांब केस विस्कटू नयेत म्हणून तिचं अख्खं डोकं न काढता पुढचा मुखवटा तेवढा बदलत. सेटच्या मधोमध झाकणं ठेवलेली असत. बाहुलीवाला खालून वर यायचा, बोट लावायचा आणि पुन्हा खाली नाहीसा व्हायचा.

हे सगळं वाचून कळत नाही. करून बघावं लागतं, तसं आम्ही बघितलं. माझी वहिनी पुण्याची, त्यामुळे दिवाळीत आमच्या गच्चीवर किल्ला होतो. भोपाळच्या शेजाऱ्यांना तो गणपतीतल्या झाँकीचाच, म्हणजे देखाव्याचाच, धाकटा भाऊ वाटतो. डिसेंबरपर्यंत किल्ल्यावर पेरलेले अळीव वाळून पिवळे पडले होते, बुरूज खचला होता, पण मावळे, गवळण आणि गुहेतला वाघ जागेवर होते. भाच्याने मोबाइल पोळपाटाला टेकवून उभा केला आणि वाघाला गुहेतून बाहेर काढायचं ठरवलं. आम्ही गरीब, म्हणून सेकंदाला १२ फोटो.

पहिली अडचण ही की मातीचा वाघ पाय हलवत नाही. तो घसरतो. कणकेचे पाय करून लावले तर ते अर्ध्या तासात तडकले. दुसरी अडचण माझी ओढणी. चाळीस-एकेचाळीसाव्या फोटोच्या आसपास तिची सावली तटावरून फिरून गेली आहे. तिसरी अडचण मधल्या फोटोत दिसणारा भाच्याचा अंगठा. चार वाजता बसलो होतो, उठलो तेव्हा १०८ फोटो झाले होते, म्हणजे नऊ सेकंद. ते सलग लावून पाहिले तेव्हा एक गोष्ट दिसली जी आम्ही केलीच नव्हती. वाघ गुहेतून तटापर्यंत जातो तेवढ्यात किल्ल्यावर संध्याकाळ उतरते. ऊन बुरुजावरून सरकतं, सावल्या लांबतात, शेवटी सगळं निळं पडतं. संध्याकाळचा सगळा उजेड नऊ सेकंदांत वाहून गेला होता.

ही जादू मराठी माणसाला नवी नाही. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला. त्याआधी दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज त्याचं थोडं थोडं चित्रण करत महिनाभराने 'अंकुराची वाढ' ही चिमुकली फिल्म उभी केली. कोंब फुटतो, मान वर काढतो, वेल चढते, हे मिनिटभरात दिसलं आणि भांडवल घालणाऱ्याचा विश्वास बसला. पुढे १९१५ मध्ये त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. त्यात काड्यापेटीतल्या काड्या आपल्याआपण हलतात. फाळके मुळात हातचलाखीचे प्रयोगही करत, 'प्रोफेसर केल्फा' या नावाने, म्हणजे आपलंच आडनाव उलटं करून. जादूगार आणि स्टॉप मोशनवाला यांच्यात फरक एवढाच की जादूगाराचा हात वेगवान असतो आणि दुसऱ्याचा इतका सावकाश की कॅमेऱ्याला तो सापडतच नाही.

आता भुताचा विषय या पद्धतीला इतका का शोभतो ते बघा. जिवंत माणूस कॅमेऱ्यासमोरून धावला तर प्रत्येक फ्रेममध्ये तो किंचित पुसट येतो, कारण कॅमेऱ्याची झडप उघडी असतानाही तो हलत असतो. आपल्या डोळ्यांना त्या पुसटपणाची सवय आहे. स्टॉप मोशनची बाहुली फोटोच्या क्षणी ठार स्तब्ध असते. प्रत्येक फ्रेम लख्ख. सलग लावल्यावर ती चालते खरी, पण चालण्यात बारीकशी थरथर राहते, जणू कुणीतरी मेलेल्या वस्तूत क्षणाक्षणाला पुन्हा प्राण फुंकतो आहे. सशाच्या गोजिरवाण्या गोष्टीत ही थरथर खटकू शकते. सांगाड्याच्या गोष्टीत तीच त्याची चाल होते.

योगायोग असा की त्याच वर्षी, १९९३ मध्ये, मराठीतही एक बाहुला जिवंत झाला. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'तला तात्या विंचू. दिलीप प्रभावळकरांनी रंगवलेला गुंड मरताना बाहुल्यात शिरतो आणि रामदास पाध्यांनी घडवलेला तो बाहुला लक्ष्मीकांत बेर्डेच्या मागे लागतो. तात्या प्रत्यक्ष कॅमेऱ्यासमोर हलवलेला आहे, फोटो-फोटोने नव्हे. त्यामुळे तो दांडगा आहे, धसमुसळा आहे, आपल्या अंगावर येतो. जॅकला कुणी घाबरत नाही. माझ्या पिढीची मराठी मुलं कपाटावरच्या बाहुल्याकडे पाठ करून झोपत नव्हती, ती तात्यामुळे.

आणि इथे मी कुरकुरीला सुरुवात करते, कारण 'नाइटमेअर'चं कौतुक करणारे पुष्कळ आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीतही तो २०२३ साली दाखल झाला.

आधी श्रेयाचा घोळ. नाव लागलं टिम बर्टनचं, पण दिग्दर्शन हेन्री सेलिक यांचं आहे. बर्टन त्या काळात 'बॅटमॅन रिटर्न्स'मध्ये गुंतला होता आणि सेटवर मोजके दिवस आला. कल्पना, पात्रं, रेखाटनं त्याची. ती १,०९,४४० वेळा हलवायची जबाबदारी सेलिकची. सेटवरच्या भिंतींना लिंपण करून त्यावर रेघा ओरखडून घेतल्या होत्या, कागदावरचं शाईचं चित्र उभं राहावं म्हणून. जॅकच्या काळ्या कोटाला पांढऱ्या रेघा आल्या, कारण काळोख्या पार्श्वभूमीवर तो दिसेनासा होत होता. असे निर्णय सेटवर होतात आणि पोस्टरवर दुसऱ्याच माणसाचं नाव येतं. डिस्नेनेही हा प्रकार फारच अंधारा वाटतो म्हणून स्वतःचं नाव मागे ठेवून टचस्टोन या शाखेतून तो काढला. चालायला लागल्यावर मात्र पोरगं आपलं म्हटलं.

दुसरा दोष कथेचा. डॅनी एल्फमन यांनी गाणी आधी रचली, पटकथा मागाहून आली. ते पडद्यावर कळतं. गाणी झकास आहेत, सुरुवातीचं हॅलोवीनचं आणि नाताळच्या गावात शिरतानाचं तर विशेष, पण चित्रपट एका गाण्यावरून दुसऱ्या गाण्यावर उड्या मारत जातो. संगीत नाटकात पदांच्या मधलं गद्य उरकल्यासारखं म्हटलं की कसं होतं, तसं. याचा सगळ्यात मोठा फटका सॅलीला बसला. मूळ कवितेत ती नव्हती. तिथे जॅक, त्याचं भूत-कुत्रं झिरो आणि सँटा एवढेच होते. पटकथाकार कॅरोलाइन थॉम्प्सन यांनी तिच्यात जीव ओतला. ती आपल्याला कोंडणाऱ्या शास्त्रज्ञाच्या सूपमध्ये विष घालते, बुरुजावरून उडी मारते, निखळलेला हात स्वतःच सुईदोऱ्याने शिवून घेते. जळत्या नाताळवृक्षाचं भाकीत फक्त तिलाच दिसतं. सबंध गावात डोकं असलेली ती एकटी. आणि शेवटी तिचं काम काय, तर टेकडीवर जॅकच्या शेजारी उभं राहणं. दोघांची प्रेमकथा किती वेळ घडते हे मी मोजलं नाही, पण भाच्याने "हे दोघं कधी भेटले?" असं विचारलं, ते पुरेसं आहे.

ऊगी बूगी हा किड्यांनी भरलेल्या पोत्याचा खलनायकही बाहेरून आणून चिकटवल्यासारखा वाटतो. ज्या गावात सगळे भयंकर आणि सगळे निरुपद्रवी, तिथे एकजण खराखुरा दुष्ट हवा म्हणून तो आला. त्याचा बाज जॅझ गायक कॅब कॅलोवे यांच्यावरून घेतलेला. भुतांच्या गावातला एकमेव नीच माणूस काळ्या गायकाच्या ढंगात गातो आणि जुगार खेळतो, यावर टीका झाली; ती मला रास्त वाटते.

भीतीचंही तसंच. मुलांच्या घरात साप, दात असलेली खेळणी, कापलेलं मुंडकं पोचतं, मुलं किंचाळतात, पुढच्या दृश्यात सगळं आलबेल. इतर दिवशी मी याला खेळकरपणा म्हटलं असतं. ३ डिसेंबरला, खाली रस्त्यावरून वायुपीडितांची मशालींची मिरवणूक जाईल की नाही याचा विचार करत बसलेली असताना, ती किंचाळी फारच हलकी वाटली.

पण माझी खरी तक्रार चित्रपटाच्या निष्कर्षाशी आहे. जॅकला शेवटी उमगतं की आपण भोपळ्यांचा, म्हणजे हॅलोवीनचा राजा, आपण आपलं काम करावं, दुसऱ्याच्या सणात नाक खुपसू नये. सँटा जाता जाता भुतांच्या गावावर बर्फ पाडतो, एवढीच काय ती देवाणघेवाण. प्रत्येक सणाला एक झाड, प्रत्येक झाडाला एक दार, आणि दार नीट लावून घ्यावं.

सण असे राहत नाहीत. गोव्यात नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री पोरं जागून नरकासुराचे अक्राळविक्राळ पुतळे करतात, पहाटे जाळतात, आणि लगेच घरोघर अभ्यंगस्नान होऊन फोव, म्हणजे पोहे, खातात. राक्षस आणि फराळ यांच्यात तासभराचंही अंतर नाही. भोपाळच्या उत्तरेला, ग्वाल्हेर-चंबळकडे आणि बुंदेलखंडात, टेसू-झिंझिया आहे. तीन काड्यांच्या तिकाटण्यावर एक मातीचं मुंडकं, तो टेसू. काहींच्या मते महाभारतातल्या बर्बरीकाचं शिर. मुलं ते घेऊन दारोदार गाणी म्हणत पैसे-धान्य मागतात. मुली झिंझिया घेऊन फिरतात: भोकाभोकांचं मडकं, आत पेटलेला दिवा. कोजागिरीला दोघांचं लग्न लावतात. छाटलेलं डोकं, आत दिवा असलेलं पोकळ भांडं, दारोदार हिंडणारी पोरं, शेवटी लग्न: बर्टनला जे दोन दारांमागून गोळा करावं लागलं ते इथे एकाच अंगणात पडलेलं आहे.

आणि अमेरिकेतलंच उदाहरण हवं असेल तर तेही आहे. लाल नाकाच्या रुडॉल्फ या रेनडिअरचा बाहुलीपट १९६४ साली तिथल्या टीव्हीवर आला. तो त्यांच्या नाताळचा इतका भाग झाला की दरवर्षी दाखवतात. बर्टनही असलेच बाहुलीपट बघत वाढला. त्यातल्या बाहुल्या हलवल्या कुणी? टोकियोत, तादाहितो मोचिनागा यांच्या स्टुडिओतल्या जपानी कारागिरांनी. ज्या देशात नाताळ हा घरचा सण नाही तिथल्या माणसांनी हरणाच्या पायाला केसकेसभर सरकवत अमेरिकेला तिचा नाताळ करून दिला. तोफा कुणी डागल्या नाहीत.

श्यामला हिल्सवरच्या जनजातीय संग्रहालयात 'देवलोक' नावाचं दालन आहे. तिथल्या मंद उजेडात गोंड, भिल्ल, कोरकू कलाकारांनी आपापल्या हातांनी देव-दानवांचं जग उभं केलं आहे. भाचा पहिल्यांदा तिथे गेला तेव्हा माझ्या मागे लपला होता. 'नाइटमेअर' संपल्यावर त्याने परत तिथे न्यायला सांगितलं. मी कारण विचारलं. "तिथल्या मूर्ती कुणी हलवल्या तर कसं दिसेल ते बघायचंय," म्हणाला.

त्याआधी किल्ल्याची फिल्म पुरी करायची होती. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना त्याने सजावटीतला कापूस खिशात घालून आणला आणि वाघाला दाढी चिकटवली. पाठीवर गोळ्यांची पुडी बांधली. मी म्हटलं, "अरे, मावळे भाले घेऊन उभे आहेत, ते याला वर येऊ देतील का?" त्याने थोडा विचार केला, सगळ्यात पुढच्या मावळ्याला अलगद उचललं आणि तटाच्या कडेला अर्ध्या बोटाने सरकवलं, वाट मोकळी होईल एवढं.

"फोटो काढ," म्हणाला. "आणि ओढणी सांभाळ."